घाटातले पन्नास किलोमीटर

“रविवारी सोलापूर रस्त्याला पन्नास किलोमीटर सायकल चालवून येतो, काही वाटत नाही. मग मुळशीच्या पुढे गेलो की तेवढ्याच अंतरात पाय का भरून येतात?” नव्याने सायकल चालवू लागलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. बहुतेकांना वाटतं, आपला दम कमी पडतो. कुणी म्हणतं, महागडी सायकल घ्यायला हवी.

खरं तर पाय तेच असतात आणि सायकलही तीच असते. बदललेली असते ती पायाखालची जमीन. पुण्याच्या पश्चिमेला पवना, मुळशी, टेमघर, वरसगाव, पानशेत अशी धरणं डोंगरांच्या कुशीत एकापाठोपाठ एक बसलेली आहेत. त्यांच्या काठाकाठाने आणि रानातून जाणारे रस्ते सायकलसाठी महाराष्ट्रातल्या सर्वांत सुंदर रस्त्यांत गणले पाहिजेत. पण हा मुलूख वाचता आला, तरच तो सायकलवरून पार करता येतो. तो कसा वाचायचा, ते या प्रकरणात पाहू.

१. तीन प्रकारचे रस्ते

सह्याद्री बेसाल्टच्या थरांचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. या पठाराची पश्चिमेकडची कड कोकणात जवळजवळ तुटून पडते, तर पूर्वेकडे जमीन हळूहळू उतरत जाते. त्यामुळे इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, मोसे, आंबी या साऱ्या नद्या कड्याजवळ उगम पावतात आणि कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहतात. त्यांचं पाणी पुढे भीमेला आणि कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात जातं.

या नद्यांची खोरी साधारण एकमेकींना समांतर आहेत. पवन मावळ, मुठे खोरं, मोसे खोरं ही नावं त्या नद्यांवरूनच पडली. दोन खोऱ्यांच्या मधे डोंगराची एकेक सोंड आहे आणि जवळपास प्रत्येक खोऱ्यात धरण बांधलेलं आहे. पवनेवर पवना, मुळेवर मुळशी, मुठेवर टेमघर, मोसेवर वरसगाव आणि आंबीवर पानशेत.

एवढं लक्षात आलं की रस्त्यांचे तीन प्रकार आपोआप समोर येतात. नदीच्या बाजूने पूर्व-पश्चिम जाणारा खोऱ्याचा रस्ता बराचसा सौम्य असतो, कारण नदीनेच तो उतार हजारो वर्षं घासून ठेवलेला असतो. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्याला मधली सोंड ओलांडावी लागते. हा खिंडीचा रस्ता. त्याचा चढ आखूड पण उभा असतो. तिसरा घाटाचा रस्ता, जो पठाराच्या कडेवरून कोकणात उतरतो. तो लांब असतो आणि शेकडो मीटर उंची एका दमात गमावतो किंवा कमावतो.

म्हणून नकाशा उघडल्यावर आधी किलोमीटर मोजू नका. रस्ता कोणत्या दिशेला चालला आहे आणि किती सोंडा ओलांडतो आहे, ते पाहा. मुठा खोऱ्यात टेमघरच्या बाजूने चढून मोसे खोऱ्यात लवासाला उतरणारा रस्ता पुण्याचे सायकलस्वार चढाच्या सरावासाठी निवडतात. तो का दमवतो, हे आता सांगावं लागणार नाही. तो खिंडीचा रस्ता आहे.

२. चढ टक्क्यांत मोजतात

‘खूप चढ आहे’ असं म्हटल्याने काहीच कळत नाही. चढ टक्क्यांत सांगण्याची पद्धत सोपी आहे. शंभर मीटर पुढे गेल्यावर रस्ता पाच मीटर वर गेला असेल, तर तो पाच टक्के चढ. दहा मीटर वर गेला तर दहा टक्के.

दोन-तीन टक्के चढ डोळ्याला दिसतही नाही, फक्त सायकल आज जड चालते आहे असं वाटतं. पाच टक्क्यांना गिअर उतरवावे लागतात. आठ टक्क्यांच्या पुढे बोलणं बंद होतं. दहा-बारा टक्क्यांवर नवखा माणूस उतरून सायकल ढकलू लागतो.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सरासरी फसवी असते. चार किलोमीटरमध्ये २०० मीटर चढ म्हणजे सरासरी पाच टक्के. पण त्यातले दोन किलोमीटर सपाट असतील, तर उरलेल्या दोन किलोमीटरमध्ये सगळे २०० मीटर चढायचे असतात, म्हणजे दहा टक्के. खिंडीच्या रस्त्यांवर नेमकं हेच होतं. म्हणून मोबाइलवरच्या नकाशात उंचीचा आलेख दिसत असेल तर तो पाहावा आणि त्यातला सर्वांत उभा तुकडा कुठे आहे ते आधीच हेरून ठेवावं. कागदी नकाशावर समान उंचीच्या रेषा असतात. त्या जिथे दाटीवाटीने येतात, तिथे जमीन उभी आहे असं समजावं.

३. चढाचे किलोमीटर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घाटातले पन्नास किलोमीटर सपाटीवरच्या किती किलोमीटरएवढे असतात?

यासाठी ऊर्जेचा छोटासा हिशेब करावा लागेल. एक किलो वजन दहा सेंटिमीटर वर उचलायला साधारण एक ज्यूल ऊर्जा लागते. हजार ज्यूल म्हणजे एक किलोज्यूल. समजा, तुमचं वजन ७० किलो आहे आणि सायकल, पाणी, सामान मिळून आणखी १५ किलो. एकूण ८५ किलो. हे १०० मीटर वर न्यायला सुमारे ८३ किलोज्यूल लागतात.

आणि सपाटीवर? ताशी २० किलोमीटर वेगाने चालताना तुम्ही मुख्यतः हवेशी आणि टायरच्या घर्षणाशी झुंजत असता. त्यासाठी एका किलोमीटरला साधारण १४ किलोज्यूल पुरतात. ८३ ला १४ ने भागा. उत्तर येतं, जवळपास सहा.

म्हणजे १०० मीटरचा चढ हा सपाटीवरच्या सहा किलोमीटरएवढा. हा नियम पाठ करून ठेवावा. समजा, पन्नास किलोमीटरच्या फेरीत सगळे चढ मिळून १००० मीटर होतात. मग हिशेब असा: ५० अधिक ६०, एकूण ११०. तुमच्या पायांनी त्या दिवशी सपाटीवरच्या ११० किलोमीटरचं काम केलं. दम कमी नव्हता. मोजमाप चुकत होतं.

उतारावर ही ऊर्जा परत मिळत नाही का, असंही कुणी विचारेल. काही प्रमाणात मिळते, लांब सरळ उतारावर पायडल न मारता पुढे जाता येतं. पण वळणावळणाच्या रस्त्यावर बरीचशी ऊर्जा ब्रेकमध्ये आणि हवेत जाते. म्हणून नियोजन करताना उताराचा फायदा धरूच नये. मिळाला तर तो शिलकीत.

खाण्याचा हिशेबही याच रीतीने करता येतो. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच पायडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. त्यामुळे ३०० मीटर चढायला, म्हणजे २५० किलोज्यूल कामाला, सुमारे १००० किलोज्यूलचं अन्न लागतं. दोन मध्यम भाकऱ्यांमध्ये एवढी ऊर्जा असते. घामावाटे तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जातं, तेही भरून काढावं लागतं. खिंडीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत काहीच खाल्लं नसेल, तर माथ्यावर पोचता पोचता हात थरथरू लागतात.

४. गिअर नेमकं काय करतो

गिअरमुळे काम कमी होत नाही. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण ८५ किलो १०० मीटर वर न्यायचे तर ८३ किलोज्यूल द्यावेच लागतात, सायकल कुठलीही असो. गिअर ते काम लहान हप्त्यांत वाटून देतो. बुटक्या पायऱ्यांचा जिना आणि उंच पायऱ्यांचा जिना एकाच मजल्यावर नेतात. बुटक्या पायऱ्या जास्त असतात, पण गुडघे सांभाळतात. तसंच हे.

एक उदाहरण करून पाहू. साध्या काळ्या सायकलच्या पुढच्या चकतीला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. चाकाचा घेर २.१ मीटर धरला, तर एका फेरीत सायकल पाच मीटर पुढे जाते. आता दहा टक्के चढावर सामान्य माणसाची ताकद ताशी साडेपाच किलोमीटर वेग देते, म्हणजे मिनिटाला साधारण ९० मीटर. या सायकलवर तेवढं जायला मिनिटाला जेमतेम १८ फेऱ्या होतील. प्रत्येक फेरीला अख्खं अंग पायडलवर टाकावं लागेल. हे फार वेळ जमत नाही, आणि गुडघ्यांसाठी वाईट असतं.

पुढे ३४ आणि मागे ३४ दाते असलेल्या सायकलवर एका फेरीत २.१ मीटर जाता येतं. त्याच चढावर मिनिटाला ४३ फेऱ्या होतात. पुढे २२ आणि मागे ३२ दात्यांच्या सायकलवर ६२ होतात, आणि पाय मोकळेपणाने फिरत राहतो. मुळशी-पवनाच्या मुलखात जायचं असेल, तर सायकलच्या किमतीपेक्षा हे दाते मोजून घ्या. दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच: सर्वांत हलक्या गिअरला पुढे किती दाते आणि मागे किती? मागचे दाते पुढच्याइतके किंवा त्याहून जास्त असतील, तर ती सायकल डोंगराची आहे.

चढाच्या आधीच गिअर उतरवावा. चढ लागल्यावर पायडलवर जोर असताना बदलला, तर चेन अडकते किंवा निसटते, आणि उभ्या चढावर पुन्हा सायकलवर बसणं नवख्याला जड जातं.

५. पहिली वाट: पौडमार्गे मुळशीचा काठ

सुरुवात खोऱ्याच्या रस्त्याने करावी. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, भुकुम, पिरंगुट करत रस्ता पौडला येतो. पिरंगुटच्या अलीकडे एक लहानसा घाट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने आपले गिअर तिथेच तपासून घ्यावेत. या भागात वाहनांची वर्दळ मोठी आहे, शनिवार-रविवारी तर फारच. म्हणून उजाडता उजाडता पौड गाठावं.

पौडच्या पुढे डोंगर जवळ येऊ लागतात आणि मग मुळशीचं पाणी दिसतं. या पाण्याचा इतिहास ठाऊक असायला हवा. मुळेवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची टाटांची योजना आली, तेव्हा खोऱ्यातली अनेक गावं आणि भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. शेतकऱ्यांनी दिलेला तो लढा धरणग्रस्तांच्या चळवळींचा आरंभ मानला जातो. धरण अखेर झालं. काठाने सायकल चालवताना डावी-उजवीकडे जे पाणी पसरलेलं दिसतं, त्याच्या तळाशी मावळ्यांची शेतं आहेत. एवढी जाण ठेवूनच या वाटेवरून जावं.

इथून पुढे धरणाचा काठ खाचाखोचांचा आहे. रस्ता प्रत्येक ओढ्याशी उतरतो आणि परत चढतो. एकेक चढ किरकोळ, पण वीस चढ प्रत्येकी १५ मीटरचे झाले तरी ३०० मीटर होतात, म्हणजे आपल्या नियमाने १८ किलोमीटरची भर. काठाचा रस्ता सपाट असतो, हा समज इथे सोडून द्यावा.

६. दुसरी वाट: तिकोन्याखालून पवनेला

पौडहून कोळवणच्या दिशेने गेलं की रस्ता शांत होतो. भातखाचरं, लहान वाड्या, आणि समोर तिकोना. तिकोन्याच्या बाजूने चढून पलीकडे गेलं की पवनेचं धरण दिसतं. पाण्याच्या भोवती तिकोना, तुंग, लोहगड आणि विसापूर हे चार किल्ले उभे आहेत. त्यांच्या जागा निवडणाऱ्यांनी हाच हिशेब केला होता: खोऱ्यातून खोऱ्यात जाणारी वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात मावळ.

धरणाला वळसा घालून लोणावळ्याकडे जाताना दुधिवरे खिंड लागते. आखूड पण उभी. इथे घाई करू नये. पहिल्या दोनशे मीटरमध्ये धाप लागली, तर वेग जास्त आहे असं समजावं. शेजारच्याशी तुटक का होईना, बोलता येईल इतक्याच वेगाने चढ सुरू करावा. खिंड ओलांडली की लोणावळ्याकडे उतार. तिथून रेल्वेने पुण्याला किंवा मुंबईला जाणारे लोक फेरी इथेच संपवतात. सायकल गाडीत नेण्याचे नियम मात्र स्टेशनवर आधी विचारून घ्यावेत.

७. तिसरी वाट: ताम्हिणी, आणि उतरण्याची विद्या

मुळशीचा रस्ता पश्चिमेकडे तसाच पुढे गेला की ताम्हिणी येतं. इथे पठार संपतं. घाट उतरला की विळे, आणि पुढे निजामपूरवरून माणगाव, मुंबई-गोवा महामार्गावर. सुमारे पाचशे मीटर उंची या घाटात उतरते.

याच उंचीवर एक मोठा उद्योग उभा आहे. मुळशीचं पाणी बोगद्यांतून आणि नळांतून कड्याखाली सोडून भिऱ्याला वीज तयार करतात. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं की सव्वा युनिटपेक्षा थोडी जास्त वीज त्यात दडलेली असते. तुमच्या ८५ किलोंतही तीच ऊर्जा आहे: घाट उतरताना सुमारे ४१६ किलोज्यूल मोकळे होतात. भिऱ्याला ते यंत्र फिरवतात. तुमच्या बाबतीत ते हवेला आणि ब्रेकला सोसावे लागतात.

पाच टक्के उतारावर वेग ताशी २५ किलोमीटरवर धरला, तर साधारण निम्मी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. सुमारे २०० किलोज्यूल. एवढ्यात अर्धा लिटर पाणी उकळून निघेल. म्हणून ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. थोडा दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. मधल्या वेळात तो थंड होतो. दोन्ही ब्रेक वापरावेत. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नाही. आणि हे कायम ध्यानात ठेवावं की वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढतं. चाकाच्या कडेला धरणारे ब्रेक भिजले असतील, तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ते फक्त पाणी पुसतात, पकड त्यानंतर येते. कड्याच्या बाजूला वाळू किंवा दगड पडलेले असतात, तेव्हा आपली डावी बाजू सोडू नये, पण अगदी कडेलाही चिकटू नये.

कोकणात उतरायचं नसेल, तर ताम्हिणी परिसरातून पिंपरी, भांबर्डे, आंबवणे करत लोणावळ्याला जाणारा रस्ता आहे. तो कड्याच्या जवळून जातो, घनगड, तैलबैल, कोरीगड यांच्या सावलीत. मधे दुकानं विरळ आहेत. खाणंपिणं, पंक्चरचं सामान आणि सोबती घेऊनच इकडे वळावं.

८. पाऊस, वारा आणि रान

पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटर पश्चिमेला, ताम्हिणीत, तो सहा हजार मिलिमीटरच्या घरात जातो. कारण सरळ आहे. समुद्रावरून येणारी दमट हवा कड्यावर आदळून वर चढते, वर गार होते आणि आपलं पाणी तिथेच टाकते. पुण्यापर्यंत येते ती बरीचशी कोरडी झालेली हवा. म्हणून शहरात ऊन पाहून निघालेला माणूस घाटात धुक्यात सापडतो. पावसाळ्यात जायचं, तर मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा आणि दरड कोसळण्याचा इशारा असेल तेव्हा जाऊच नये. सिमेंटच्या साकवांवर आणि सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरतं, तिथे ब्रेक आणि वळण दोन्ही टाळावं.

पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडून येतो. ताशी २० ने चालताना समोरून ताशी १५ चा वारा आला, तर हवेचा विरोध तिप्पट होतो. पश्चिमेला जाताना तो सोसावा लागतो, पण परतीला तोच पाठीवर येतो. त्यामुळे निघताना अर्ध्याहून जास्त ताकद खर्च झाली, तरी घाबरू नये.

सगळ्यांत चांगला काळ पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. धरणं भरलेली असतात, रस्ते सुकलेले असतात, पहाटे गारवा असतो. एप्रिल-मे मध्ये उघड्या चढांवर ऊन भाजून काढतं. तेव्हा ताम्हिणीच्या रानाची किंमत कळते. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट सावली रस्त्यावर येते आणि तापमानातला फरक अंगाला जाणवतो. या रानात शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. ताम्हिणीला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सायकलला आवाज नसतो, त्यामुळे पक्षी आणि प्राणी इथे आपल्याला जितके दिसतात, तितके मोटारीतल्या माणसाला कधीच दिसत नाहीत. स्पीकर लावून आणि वेफर्सची पाकिटं टाकून हा हक्क गमावू नये. माकडांना खायला तर अजिबात देऊ नये. ती रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात.

९. निघण्यापूर्वी

क्रम पाळा. आधी खोऱ्याचा रस्ता, तो सहज झाला की खिंड, आणि दोन्ही अंगवळणी पडल्यावर घाट. प्रत्येक वेळी आदल्या रात्री एक गणित करा: अंतर किती, चढ किती मीटर, आणि दर १०० मीटरला सहा किलोमीटर धरून एकूण किती. तो आकडा तुमच्या सपाटीवरच्या सर्वांत मोठ्या फेरीपेक्षा जास्त येत असेल, तर वाट लहान करा किंवा परतीची दुसरी सोय ठेवा. हेल्मेट घाला, दोन्ही ब्रेक तपासा, दोन ट्यूब आणि पंप बरोबर घ्या, कुठे चाललात ते घरी सांगा.

या मुलखातल्या गावांनी आपली जमीन धरणांना दिली आहे. त्यांच्या रस्त्यावरून जाताना चहा त्यांच्या टपरीवर प्या, पाणी मागून घ्या, कचरा परत न्या. घाट चढायला दांडग्या पायांपेक्षा जमिनीची ओळख जास्त उपयोगी पडते, आणि ती ओळख कोणत्याही वयात, कोणत्याही गिअरच्या सायकलवर करून घेता येते. येत्या रविवारी पौडपर्यंत जाऊन या.